ज्या भाषेत हिशेब कळतो

अब्बा नमाज मराठीत पढायचे.
म्हणजे उभं राहणं, वाकणं, कपाळ टेकणं
सगळं चारचौघांसारखंच,
फक्त ओठांवर यायचं ते
म्युनिसिपालिटीच्या शाळेतलं:
निवाड्याच्या दिवसाच्या मालका,
सरळ वाट दाव.
दाव. दाखव नव्हे.

मशिदीत नाही. तिथं ओठ मिटून उभे राहायचे,
आणि मिटलेल्या ओठांवरूनच
हाफिजसाबना पहिली शंका आली.

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये मात्र
अठरा मागांच्या खडखडाटात
मोठ्यानं म्हणायचे.
ऐकू जायचं त्याला,
आणि कांड्या भरणाऱ्या नरसम्माला.
ती म्हणायची, मामा, तुमचं देव मराठी शिकलं वाटतं,
आमचं तर अजून तेलुगूतच अडलंय.

एका जुम्याला चौघं घरी आले.
चहा घेतला. शेंगाची पोळी नको म्हणाले.
नबीलालभाई, ये हम क्या सुन रहे?
अब्बा बाजेची सुंभ ओढून बघत होते.
म्हणाले, वर हिशेब द्यायचाय ना?
मला हिशेब मराठीतच कळतो.
तीनशे टॉवेल, पाच डागी, मजुरीतून उचल वजा.
ज्या भाषेत लबाडी जमते
त्याच भाषेत कबुली द्यावी म्हणतो.

चौघांतला एक हसला.
तो हसला म्हणून बाकीचे तिघं जास्त चिडले.

मुनाफ, माझा भाऊ, तेव्हा नुकताच
चार महिने जमातीत फिरून आला होता.
ओरडला नाही. ओरडला असता तर बरं.
रात्री हळू विचारायचा,
अब्बा, शबानाला स्थळ कोण देणार?
अब्बांकडे यावर उत्तर नव्हतं.
मराठीतही नव्हतं.

सगळं बंद होतं त्या वर्षी
ईद घरातच पढायची ठरली,
आणि मुनाफ म्हणाला, मी यांच्यामागे उभा राहणार नाही.
दोन खोल्यांच्या घरात दोन नमाजा झाल्या.
अम्मी आधी अब्बांमागे उभी राहिली,
मग गुडघे धरत उठून
मुनाफच्या मागे.
कुणाची कबूल झाली विचारल्यावर म्हणाली,
मेरे घुटनों की.

मी?
मी शिरखुर्मा ढवळत होते.
दूध खाली लागेल म्हणून.
इतकी वर्षं मी हेच सांगत आले,
दूध खाली लागेल म्हणून.

अब्बा वैशाखात गेले.
डांबर चपलेला चिकटत होतं म्हणतात,
तरी खांदा द्यायला गर्दी होती.
तो हसणारा सगळ्यांत पुढे.
आम्ही बायका उंबऱ्यापर्यंत.
पुढचं तौफिकनं सांगितलं:
चाचा स्वतः कबरीत उतरले,
अब्बांच्या कानाशी वाकले, बराच वेळ
त्यांचे ओठ हलत होते.
अरबीत एवढा वेळ लागत नाही, फुफी.

मुनाफला मी विचारलं.
जे पढतात ते पढलो, म्हणाला,
आणि अब्बांचा चष्मा डबीत ठेवला,
पुन्हा काढला, पुसला, पुन्हा ठेवला.

आता मी घरीच टॉवेलना काठ मारते,
दिवसाला शंभर.
मशीन चालू असलं की आपलंच आपल्याला ऐकू येत नाही,
त्यात मोजता मोजता
ओठ भलतंच काही म्हणू लागतात.
कुणाला म्हणतात, कुणी आहे का तिकडे,
मला खरंच माहीत नाही.
अब्बांना माहीत होतं, मुनाफलाही आहे,
माझ्याकडे नुसते ओठ आलेत.
आकडा चुकतो. पुन्हा एकपासून.

परवा मान वर केली तर मुनाफ दारात.
कधीपासून उभा होता कोण जाणे.
मशीन थांबलेलं. दोरा सुईतच.
किती झाले? त्यानं विचारलं. मराठीत.

सत्तेचाळीस, मी म्हटलं.
ढिगात डोळ्यांना दिसतील असे
दहाबारा टॉवेल होते.

त्यानं ढिगाकडे पाहिलं.
बरं, म्हणाला,
आणि दार ओढून घेतलं, आवाज न करता.